आधी पट्टा, मग अंगठा

कडूबाईंनी पहिल्यांदा माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी त्यांच्यावर खेकसले होते. नुसती खेकसले नाही, "तुम्हाला काही कळतं का?" असंही म्हणाले. पुढच्या चार वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वेळा मिळालं की आज तो आठवला तरी कान गरम होतात.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी तपासणी विभागात होते. गाड्यांमध्ये बसणाऱ्या वायरींच्या जुड्या भिंगाच्या दिव्याखाली धरायच्या आणि एकेक जोड बघायचा, हे माझं काम. आठ तास मान खाली. दुपारचा चहा येईपर्यंत डोक्याभोवती कुणीतरी ओली दोरी आवळतंय असं वाटायला लागायचं आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून नगरला उतरेपर्यंत उजवं कानशील धोंड्यासारखं जड व्हायचं. मी चष्म्याचा नंबर तीनदा तपासला. सायनसचा फोटो काढला. चहा सोडला, मग चहा सोडल्यामुळेच दुखतंय असं कुणी म्हणालं म्हणून परत धरला. सासूबाईंनी दृष्ट काढली. माझ्या ड्रॉवरमध्ये गोळ्यांची एवढी पाकिटं असायची की शेजारच्या लाइनवरचे लोक मेडिकलमध्ये जावं तसे माझ्याकडे यायचे.

कडूबाई आमच्या मजल्यावर फरशी पुसायच्या. कंत्राटदाराने दिलेला राखाडी एप्रन त्या नऊवारीवर चढवायच्या आणि कागदी टोपी पदरावरून घालायच्या. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला कंपनीत कुणी स्वयंपाकाला आलंय की काय असं वाटायचं. आठवडाभर त्या पोछा मारता मारता माझ्या टेबलाजवळ रेंगाळत होत्या. एके दिवशी त्यांनी पोछा भिंतीला टेकवला, माझ्या मागे आल्या आणि मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये, वरच्या मांसात अंगठा रोवला. मी ओरडले. पण ओरडता ओरडताच माझ्या लक्षात आलं की दाबलंय खांद्यावर आणि कळ मानेतून, कानामागून वळसा घेऊन कानशिलात पोचली आहे.

"हीच का वं तुमची डोकंदुखी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

हीच होती. रोज दुपारी येणारी, ओळखीची, अगदी तीच. मी तीन डॉक्टरांना तिचं वर्णन करून दमले होते आणि या बाईने ती अंगठ्याने चालू करून दाखवली होती.

"बोंबलतंय डोकं, पन मार बसलाय खांद्याला," त्या म्हणाल्या आणि पोछा उचलून निघून गेल्या. त्यांना चोळून द्यायला सांगण्यासाठी मला दोन दिवस स्वतःची मनधरणी करावी लागली.

कडूबाई शेवगावच्या पुढच्या एका गावच्या. मुलगा एमआयडीसीत लागला म्हणून सुप्याला आलेल्या. अंगाने किरकोळ, पण उजवा अंगठा असा की तो दुसऱ्याच कुणाचा बसवलाय असं वाटावं. रुंद, चपटा, आणि कोयता लागून नख कायमचं तिरकं झालेलं. दाबताना त्या रगडायच्या नाहीत. बोटांनी खांदा चाचपत जायच्या, एका जागी थांबायच्या आणि म्हणायच्या, "ही बघा, हितं बसलीया." साबुदाणा भिजल्यावरही एखादा दाणा कडक राहतो ना, तशी ती गाठ बोटाला लागायची. मग तिच्यावर अंगठा टेकवून मला दहा श्वास मोजायला लावायच्या. आठव्या-नवव्या श्वासाला काहीतरी सैल व्हायचं. ते काय, ते मला आजही सांगता येणार नाही, पण डोळ्यांसमोरचा दिवा एकदम स्वच्छ दिसायला लागायचा.

त्यांची एक गंमत होती. एरवी त्या मला "म्याडम, तुमी" म्हणायच्या. पण अंगठा टेकला की हुद्दा संपला. "गप बस गं. खांदा सोड. कुनाशी भांडायला निगालीस?" असं सुरू व्हायचं. अंगठा उचलला की लगेच, "झालं म्याडम, आता कराल का काम?" आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना त्यांनी अशी एकेरीत आणून परत बहुवचनात पोचवलेली होती.

माणसाकडे नुसतं बघून त्या सांगायच्या. खरेदी विभागातली एक बाई फोन कान आणि खांद्यात धरून लिहायची, तिला म्हणाल्या, "डाव्या डोळ्याच्या मागं दुखत आसंल." दुखत होतं. कानामागून छातीपर्यंत उतरणाऱ्या जाड स्नायूत गाठ होती. पॅकिंगमधल्या एका मुलीच्या जबड्याला हात लावून म्हणाल्या, "ही झोपंत दात खाती. सासूवर राग हाय का गं?" मुलगी रडायलाच लागली. गाठ जबड्यात आणि दुखणं कानशिलात. कवटीच्या खालच्या खोबणीत गाठ आणि दुखणं कपाळात. असा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. पुढे नगरच्या एका फिजिओथेरपिस्टने मला तक्ता दाखवला तेव्हा मी थक्क झाले, कारण त्यातले लाल ठिपके अगदी कडूबाईंच्या जागांवर होते. तो म्हणाला, याला ट्रिगर पॉइंट म्हणतात. ती गाठ नेमकी काय असते आणि दुखणं असं लांब का पोचतं, यावर जाणकारांचंही अजून पुरतं एकमत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मी हे सगळं कडूबाईंना मोठ्या उत्साहाने ऐकवलं. त्यांनी पोछा पिळला आणि म्हणाल्या, "नाव आसू द्या. माजं नावावाचून काय अडलं न्हाई."

नुसतं दाबून त्यांचं समाधान व्हायचं नाही. दुखण्याचं मूळ टेबलात आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी कुठूनतरी चार विटा आणल्या आणि माझ्या टेबलाच्या पायांखाली सरकवल्या. टेबल वर आलं, माझी मान सरळ झाली आणि महिनाभर मी गोळी घेतली नाही. मग परदेशी ग्राहकांचं ऑडिट आलं. ते यायच्या आदल्या दिवशी आमच्या साहेबांनी "या विटा कुणाच्या?" असं म्हणून त्या काढून टाकल्या. ऑडिट आठवडाभर चाललं, तेवढ्यात माझी डोकेदुखी हजर. ऑडिटवाले गेले त्या संध्याकाळी कडूबाईंनी विटा परत आणल्या, आणि या वेळी त्या पिवळ्या रंगाने रंगवून आणल्या, म्हणजे कुणाला वाटावं त्या कंपनीच्याच आहेत. त्या विटांना नंतर कुणी हात लावला नाही.

पुरुषांना त्या हात लावायच्या नाहीत. त्यांच्यासाठी एक रबरी चेंडू होता. चेंडू भिंत आणि खांदा यांच्यामध्ये धरायचा, गाठ सापडेपर्यंत फिरवायचा आणि मग अंगाचा भार टाकून उभं राहायचं. त्याच विटावाल्या साहेबांना एकदा मानेने असं धरलं की ते अख्खे वळून बघायला लागले. कडूबाईंनी निरोप पाठवून चेंडू दिला. साहेबांना वाटलं, केबिनचं दार लावलं की झालं. केबिन काचेची आहे हे ते विसरले. म्हशीने गोठ्याच्या खांबाला पाठ घासावी तसे साहेब डोळे मिटून भिंतीला घासत होते आणि अख्खी लाइन काम थांबवून बघत होती. चेंडू त्यांनी परत केला नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक अट असायची. आमच्या प्रथमोपचार खोलीत रक्तदाब मोजायचं बॅटरीवरचं यंत्र होतं. डोकं दुखतंय म्हणून कुणी कडूबाईंकडे गेलं की त्या आधी तिकडे न्यायच्या. सिस्टर दंडाला पट्टा गुंडाळायच्या, आकडा यायचा, मग प्रश्न. कवापासनं दुखतंय? एकदम आलं का हळूहळू? डोळ्याम्होरं काजवे येत्यात का? ताप? पाळी कवा आली? सगळं मनासारखं निघालं तरच अंगठा. नाहीतर, "हे माजं काम न्हाई. दवाखाना." कुणी घाई केली की ठरलेलं उत्तर, "आधी पट्टा, मंग अंगठा." आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली. खांदा चेपायला एवढ्या तपासण्या, मग ऑपरेशनला काय करतील, असं मीच एकदा म्हणाले होते.

त्या थट्टेला एक दिवस उत्तर मिळालं. कँटीनमागच्या कट्ट्यावर आम्ही जेवत होतो. समोर डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही त्या पट्ट्याला एवढं का धरून बसलाय?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात ठेवला आणि सांगायला लागल्या.

"आमी ऊसतोडीला जायचो, तवाची गोष्ट हाय. मोळ्या डोक्यावर घ्यायच्या आन् फळीवरून ट्रकात चढवायच्या. मान आशी आत जाती. समद्या बायांचं डोकं दुखायचं. दुपारच्याला भाकरी खाल्ली की उसाच्या कडंला माज्याम्होरं बसायच्या. म्हनायच्या, कडूच्या हाताला गुन हाय. माजी धाकटी जाऊ, सुमन. आठवा महिना हुता तिला. म्हनली, आक्का, डोकं लई दुखतंय, डोळ्याम्होरं काजवे येत्यात. पाय बी सुजले हुते. पन मी काय बघितलं, तर खांदा. खांद्यात गाठ हुती. मी दाबली. म्हनली, आक्का, हलकं झालं. आन् उठून मोळ्या वाहायला लागली. आठ दिस मी रोज दाबत हुते."

"मग?"

"मंग सकाळच्याला झटकं आलं तिला. ट्रॅक्टरमधी घालून न्हेली. डाक्टरनं इचारलं, डोकं कवापासनं दुखत हुतं? म्हनलं, आठ दिस. म्हनला, मंग आठ दिस काय करत हुता? बीपी चढलं हुतं म्हने. पोटुशीला चढतं तसं. ती बी गेली आन् पोटातलं बी गेलं."

मी म्हणाले, "मावशी, तुम्हाला कसं कळणार होतं? यात तुमची काय चूक?"

"म्याडम, गाठ खरी हुती म्हनून तर मी फसले," त्या म्हणाल्या. "गाठ नसती तर मी म्हनले आसते, सुमन, दवाखान्यात जा. गाठ घावली आन् मला वाटलं, दुखनं घावलं."

त्या वर्षी त्यांनी कोयता सोडला. पुढे कितीतरी वर्षं कुणाच्या खांद्याला हात लावला नाही. बायका घरी यायच्या, बसायच्या आणि तशाच परत जायच्या. सुप्याला आल्यावर त्यांनी सिस्टरना एका कारकुनाच्या दंडाला पट्टा गुंडाळताना पाहिलं आणि विचारलं, हे काय सांगतं? सिस्टरनी समजावलं. आकडे वाचायला शिकून कुठल्या आकड्यापुढे आपण थांबायचं हे त्यांनी पाठ केलं आणि मग कुठे तो अंगठा परत चालू झाला. त्या दुपारी मला माझ्या थट्टेची फार लाज वाटली. मी तसं म्हणालेही, तर त्या म्हणाल्या, "खावा आता. चटनी वाळली."

त्यानंतर वर्षभराने रोहिणी आली. म्हणजे ती होतीच जोडणीच्या लाइनवर. माहेर काष्टीचं, नवरा शेजारच्या कंपनीत, दोघं सुप्यात खोली घेऊन राहायचे. बोलायला फटकळ, हाताला चलाख. कंत्राटातल्या पोरी दिवस गेले की सैल एप्रनखाली लपवायच्या, कारण पोट दिसलं की 'ब्रेक' मिळायचा. ब्रेक म्हणजे यादीतून नाव काढायचं, आणि परत घालतीलच असं नाही. एका दुपारी ती कडूबाईंकडे आली तेव्हा मी तिथेच होते.

"मावशी, डोकं फुटायला लागलंय. जरा दाबा ना."

कडूबाईंनी तिच्या खांद्याकडे बघितलंच नाही. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या. "बुटाच्या नाड्या का गं सोडल्यास?"

"चावतात बूट."

"पाळी कवा आली?"

"आलीय की वेळेवर," रोहिणी जरा जास्तच पटकन म्हणाली.

"चल. आधी पट्टा."

सिस्टर जेवायला गेल्या होत्या. कडूबाईंनी स्वतः पट्टा गुंडाळला, बटण दाबलं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे. त्यांनी तिला पाच मिनिटं नुसतं बसवलं आणि परत मोजलं. तेवढाच. रोहिणीला आमच्या तोंडाकडे बघून कळलं आणि ती रडायला लागली. "सातवा लागलाय, मावशी. कुणाला कळलं तर मला ब्रेक देत्याल. एवढे दोन महिने काढू द्या. तुम्ही नुसतं दाबा, मला बरं वाटंल." आणि तिने कडूबाईंचा उजवा हात धरून स्वतःच्या खांद्यावर ठेवला. "हितं गाठ आहे बघा. हाय का न्हाई?"

गाठ होती. कडूबाईंचा अंगठा तिच्यावर टेकलेला मी पाहिला. त्यांनी डोळे मिटले. मग हात काढून घेतला, समोरच्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "म्याडम, गाडी बोलवा."

मी कच खाल्ली, हे इथे लिहायलाच हवं. मला त्या पोरीची नोकरी दिसत होती. मी म्हणाले, "मावशी, संध्याकाळी सुट्टी झाल्यावर नवऱ्याबरोबर जाईल की ती दवाखान्यात. आत्ता सगळ्यांसमोर..."

"आत्ता," कडूबाई म्हणाल्या. मी तरी उभीच. तशा त्या ओरडल्या, "आत्ता बोलव गं!"

रोहिणीला नगरला नेलं. डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी, काही आठवडे काचेच्या पेटीत होती, पण दोघी वाचल्या. कंत्राटदाराने नाव काढलं. मी ऑफिसला एक मेल लिहिली. ती आमची कर्मचारी नाही असं उत्तर आलं. दुसरी मेल मी लिहिली नाही. कडूबाई डिंकाचे लाडू घेऊन दवाखान्यात गेल्या तर रोहिणी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. एवढंच म्हणाली, "माझ्या पोटावर पाय दिलात तुम्ही." लाडवांचा डबा परत आला. आम्ही मजल्यावरच्या सगळ्यांनी ते लाडू खाल्ले आणि कुणालाच गोड लागले नाहीत.

पुढच्याच वर्षी कडूबाईंनी काम सोडलं. गावाकडे म्हातारा एकटा आहे, डोळ्यांनी कमी दिसतंय त्याला, म्हणाल्या. मी अर्धा दिवस रजा घेऊन त्यांना सुप्याच्या स्टँडवर सोडायला गेले. एक पिशवी, एक पत्र्याचा डबा, आणि साहेबांकडून न मिळालेला चेंडू सोडला तर सगळा संसार बरोबर होता. आम्ही सावलीला उभ्या राहिलो तेवढ्यात समोरून रोहिणी आली. कडेवर मुलगी होती. ती माहेरी काष्टीला निघाली होती. मला वाटलं, ही तोंड फिरवून जाईल. ती सरळ आमच्याकडेच आली.

"आता कुणाची नोकरी घालवायला निघालात?" ती म्हणाली. सगळ्या स्टँडला ऐकू गेलं. "मला म्हणे मावशी आहेत, जीव लावतात. असा लावतात जीव? अजून घरात बसलेय मी. कुठं उभं करीना कुणी. दोन महिने निघाले असते माझे, पण तुम्हाला मोठेपणा पाहिजे होता."

कडूबाई पिशवी हातात धरून नीट ऐकत होत्या. मला राहवेना. मी म्हणाले, "रोहिणी, तुला माहीत नाही, यांची जाऊ..." कडूबाईंनी माझ्या मनगटाला असा चिमटा घेतला की वाक्य तिथेच राहिलं. तेवढ्यात शेवगावची गाडी लागली.

पिशवी ठेवायला मी त्यांच्याबरोबर आत चढले. म्हणाले, "मावशी, मला सांगू द्या तिला सुमनचं. तिला कळायला पाहिजे. तुम्ही का ऐकून घेता?"

"काय बी सांगू नका," त्या म्हणाल्या. "सांगितलं की ती गप बसंल. मला गप बसलेली नको. सुमन मला एक शबूद बोलली न्हाई, म्याडम. तिला बोलायलाच घावलं न्हाई. ही बोलती हाय. बोलू द्या."

मी खाली उतरले. गाडी सुरू झाली. रोहिणीचं अजून संपलं नव्हतं. ती खिडकीखाली येऊन बोलतच होती आणि तिच्या आवाजाने दचकून मुलीने भोकाड पसरलं होतं. कडूबाईंनी काच मागे सरकवली. गाडी हलली, रस्त्याला लागली, आणि पुण्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या गर्दीत शिरून दिसेनाशी होईपर्यंत त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या मायलेकींचा आवाज ऐकत होत्या.